ग्रहाचे वस्तुमान, त्रिज्या आणि आपले वजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा त्र्यंबकच्या वाटेवर एखादी अंधारी जागा पाहून दुर्बीण लावली आणि शनीची कडी सर्वांची पाहून झाली, की मुले आणि त्यांच्यासोबत आलेली मोठी माणसे हमखास विचारतात, "तिथे आपले वजन किती भरेल?" आकडा लगेच सांगता येतो, परंतु तो आकडा तेवढाच का, हे कळले नाही तर घरी पोहोचेपर्यंत तो विसरला जातो. म्हणून या पानावर आकड्यांपेक्षा त्यांच्यामागचे कारण अधिक सविस्तर दिले आहे. येथील उदाहरणांत ६० किलोग्रॅम वस्तुमानाची व्यक्ती गृहीत धरली आहे.

प्रश्न : वस्तुमान आणि वजन यांत फरक काय? बाजारात तर आपण वजनच किलोत सांगतो.

वस्तुमान म्हणजे वस्तूत असलेले द्रव्य. ते किलोग्रॅममध्ये मोजतात आणि वस्तू कोठेही नेली तरी ते बदलत नाही. वजन म्हणजे त्या वस्तूला ग्रह स्वतःकडे ज्या बलाने ओढतो ते बल. ते न्यूटनमध्ये मोजतात आणि ग्रह बदलला की तेही बदलते. पृथ्वीवर १ किलोग्रॅम वस्तुमानावर सुमारे ९.८ न्यूटन बल असते. या ९.८ ला गुरुत्व त्वरण म्हणतात आणि या पानावरचे जवळपास सर्व प्रश्न शेवटी याच एका राशीविषयी आहेत.

चंद्रयान-३ मधील प्रज्ञान या फिरत्या गाडीचे वस्तुमान २६ किलोग्रॅम होते. श्रीहरिकोट्याला ते २६ होते आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम अवतरक चंद्रावर उतरला तेव्हाही २६ च होते. मात्र पृथ्वीवर तिला खाली ओढणारे बल सुमारे २५५ न्यूटन होते, ते चंद्रावर केवळ ४२ न्यूटन राहिले.

बाजारात "वजन" म्हणून आपण जे विचारतो ते खरे तर वस्तुमान असते. लासलगावला कांदा घेणाऱ्याला पृथ्वी त्या कांद्याला किती जोराने ओढते याच्याशी देणेघेणे नसते, त्याला माल किती आहे हे हवे असते. व्यवहारात एकच शब्द चालतो, कारण सर्व देवघेव एकाच ग्रहावर होते. पुढील उत्तरांत मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत आणि वाचकांनीही ते वेगळे ठेवावेत अशी विनंती आहे, कारण या विषयातील निम्म्याहून अधिक गोंधळ येथेच सुरू होतो.

प्रश्न : तराजू चंद्रावर नेला तर तो काय दाखवेल?

दोन पारड्यांचा तराजू पृथ्वीवर दाखवतो तेच दाखवेल. एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजनमापे, दोन्हींवरचे ओढणे सारख्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे काटा मध्यभागीच राहतो. ताणकाट्यातली स्प्रिंग किंवा इलेक्ट्रॉनिक काट्यातला लोडसेल मात्र थेट बल मोजतो. ६० किलोग्रॅमची व्यक्ती अशा काट्यावर चंद्रावर उभी राहिली तर तो जेमतेम १० किलो दाखवेल.

प्रश्न : ग्रहावरचे गुरुत्व त्वरण नेमके कशावर ठरते?

दोनच गोष्टींवर: ग्रहाचे वस्तुमान आणि ग्रहाच्या केंद्रापासून आपले अंतर. पृष्ठभागावर उभे असताना हे अंतर म्हणजेच ग्रहाची त्रिज्या. वस्तुमान जितके पट तितके पट त्वरण वाढते, आणि त्रिज्या जितके पट वाढते तिच्या वर्गाइतके पट ते घटते. म्हणजे:

गुरुत्व त्वरण = वैश्विक गुरुत्व स्थिरांक × ग्रहाचे वस्तुमान ÷ (त्रिज्या × त्रिज्या)

पृथ्वीशी तुलना करायची असेल तर स्थिरांकाचीही गरज नाही. ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या किती पट ते घ्यावे, त्रिज्या किती पट ते घ्यावे, आणि पहिल्या संख्येला दुसरीच्या वर्गाने भागावे. शुक्राचे वस्तुमान पृथ्वीच्या ०.८१५ पट आणि त्रिज्या ०.९५ पट आहे. ०.९५ चा वर्ग ०.९०२५, भागाकार ०.९०. म्हणून पृथ्वीवर काट्यावर ६० किलो भरणारी व्यक्ती शुक्रावर साधारण ५४ किलो भरेल.

प्रश्न : चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या भागाइतके आहे. मग वजन एक्याऐंशीवा भाग न होता सहावा भाग का होते?

हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडतो त्याला विषय कळू लागला आहे असे मानावे. "चंद्रावर वजन एक षष्ठांश" हे वाक्य शाळेत पाठ होते, परंतु सहा ही संख्या कोठून आली हे फार थोडी मुले विचारतात.

केवळ वस्तुमान पाहिले तर चंद्रावर आपले वजन खरोखरच एक्याऐंशीव्या भागावर यायला हवे होते. ६० किलोचा माणूस तेथे पाऊण किलोच भरला असता. परंतु चंद्र हलका आहे तसाच लहानही आहे. त्याची त्रिज्या १,७३७ किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर. म्हणजे चंद्रावर उभा असलेला माणूस चंद्राच्या केंद्राच्या जितका जवळ असतो, त्याच्या सुमारे ३.६७ पट दूर आपण पृथ्वीच्या केंद्रापासून असतो. या जवळिकीमुळे ओढणे ३.६७ च्या वर्गाइतके, म्हणजे सुमारे साडेतेरा पट वाढते. वस्तुमानामुळे एक्याऐंशी पटींनी झालेली घट जवळिकीमुळे साडेतेरा पटींनी भरून निघते, आणि ८१ भागिले १३.५ म्हणजे ६.

वस्तुमान एका बाजूला ओढते आणि त्रिज्या दुसऱ्या बाजूला. ग्रह मोठा होत जातो तेव्हा बहुधा दोन्ही वाढतात, आणि आपल्या वाट्याला येते ते या रस्सीखेचीतून उरलेले. पुढचे सर्व आश्चर्यकारक आकडे याच रस्सीखेचीतून निघतात.

प्रश्न : अंतर केंद्रापासूनच का मोजायचे? आपल्या पायाखालची जमीन तर अगदी जवळ आहे.

जवळचा दगड जोराने ओढतो हे खरे, पण तो थोडाच असतो. ग्रहाच्या पलीकडच्या बाजूचा दगड दुर्बळपणे ओढतो, पण तो पुष्कळ असतो. इकडेतिकडे असलेल्या भागांच्या आडव्या ओढी एकमेकींना रद्द करतात. या सर्वांची बेरीज केली तर गोल आणि थरांनी सारखा असलेला ग्रह बाहेरच्या वस्तूला असा ओढतो, जणू त्याचे सगळे वस्तुमान केंद्रबिंदूत साठवले आहे. न्यूटनने हे भूमितीने सिद्ध केले आणि १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडले.

प्रश्न : मंगळ बुधापेक्षा बराच मोठा आहे, तरी दोन्हींवर वजन सारखेच कसे?

दोन्हींवर गुरुत्व त्वरण ३.७ च्या आसपास आहे. ६० किलोची व्यक्ती दोन्हीकडे साधारण साडेबावीस किलो भरेल. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या १.९४ पट आहे. त्याची त्रिज्या ३,३९० किलोमीटर, बुधाची २,४४०, म्हणजे १.३९ पट, आणि १.३९ चा वर्ग १.९३. वस्तुमानामुळे जेवढे वजन वाढायला हवे होते तेवढेच ते अंतरामुळे घटले. हा निव्वळ योगायोग आहे, पण शिकवायला याहून चांगला योगायोग सूर्यमालेत दुसरा मला सापडलेला नाही.

यामागे घनतेचा भाग आहे. बुधाची सरासरी घनता पाण्याच्या ५.४ पट, मंगळाची ३.९ पट. बुधाच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गाभा आहे आणि तो त्याच्या त्रिज्येच्या चार पंचमांशांहून अधिक भाग व्यापतो. आकाराने लहान असूनही बुध आतून भरीव आणि जड आहे.

हेच सूत्र घनतेच्या भाषेत लिहिले तर गुरुत्व त्वरण हे घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ही मांडणी वर्गाच्या भागाकारापेक्षा मनात चटकन बसते: ग्रह किती मोठा आणि किती घट्ट, एवढेच पाहायचे.

प्रश्न : शनी पृथ्वीच्या ९५ पट जड आहे. तेथे आपण चेंगरून जाऊ का?

वजनामुळे नाही. शनीची विषुववृत्तीय त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे ९.४५ पट आहे आणि तिचा वर्ग ८९ च्या जरासा वर जातो. ९५ ला ८९ ने भागले की उरते जेमतेम १.०७. एवढा अवाढव्य ग्रह, आणि त्याची ओढ आपल्या ओळखीचीच! त्यातही शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे विषुववृत्तावर या ओढीचा काही भाग त्या फिरण्यातच खर्ची पडतो आणि प्रत्यक्ष जाणवणारे त्वरण ९ च्या आसपास, म्हणजे पृथ्वीपेक्षाही कमी, राहते.

कारण पुन्हा घनतेचे. शनीची सरासरी घनता पाण्याच्या ०.७ पटीहून किंचित कमी आहे. एक किलो सरकी काढलेला कापूस पिंजून गादीभर पसरवला तरी तो एक किलोच राहतो, फक्त जागा अधिक व्यापतो. शनीचे द्रव्य असे विस्तारलेले असल्यामुळे त्याच्या कडेला असलेली वस्तू केंद्रापासून फार दूर राहते.

युरेनसचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदा पट, त्रिज्या चार पट, १४.५ भागिले १६ म्हणजे ०.९१. साडेचौदा पृथ्व्यांएवढ्या ग्रहावर आपले वजन घटते, आणि ते जवळपास शुक्रावरच्या वजनाइतके होते.

गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांना पाय ठेवता येईल अशी जमीन नाही. त्यांच्या वातावरणात जेथे दाब आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या जवळपास असतो, तो थर "पृष्ठभाग" धरण्याची पद्धत आहे, आणि वरचे आकडे त्या थराचे आहेत.

प्रश्न : मग गुरूवर तरी वजन वाढते का?

होय. वस्तुमान ३१८ पट, विषुववृत्तीय त्रिज्या ११.२ पट, म्हणून त्वरण सुमारे अडीच पट. ६० किलोची व्यक्ती काट्यावर १५० किलो भरेल. सूर्यमालेतील आठ ग्रहांत हे सर्वांत अधिक आहे. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर ते पृथ्वीच्या २८ पट आहे, जरी सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट आहे.

प्रश्न : पृथ्वीचा आकार बदलला तर काय होईल?

येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले जातात आणि परीक्षेत मुले याच ठिकाणी चुकतात.

पहिला प्रकार: वस्तुमान तेच, फक्त पृथ्वी दाबून लहान केली. त्रिज्या निम्मी झाली तर अंतराचा वर्ग चौथा भाग होतो आणि पृष्ठभागावरचे वजन चौपट होते. त्रिज्या दुप्पट झाली तर वजन चौथा भाग होते.

दुसरा प्रकार: द्रव्याची घनता तीच, फक्त पृथ्वीत भर घालून तिची त्रिज्या दुप्पट केली. आता घनफळ आठपट, म्हणून वस्तुमानही आठपट. अंतराचा वर्ग चौपट. आणि ८ भागिले ४ म्हणजे वजन दुप्पट. त्रिज्या निम्मी केली तर वजन निम्मे. "त्रिज्या दुप्पट केली तर वजनाचे काय होईल" या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रकारात पाव पट आणि दुसऱ्या प्रकारात दोन पट येते. म्हणून काय कायम ठेवले आहे हे विचारल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नये.

पहिल्या प्रकारात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पृथ्वी दाबून लहान झाली तरी चंद्राला त्याचा पत्ताही लागणार नाही. चंद्राचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर आणि पृथ्वीचे वस्तुमान दोन्ही तेच राहतात, त्यामुळे त्याची कक्षा आहे तशीच राहील. वजन वाढते ते पृष्ठभागावर असलेल्यांचे, कारण पृष्ठभाग केंद्राजवळ सरकतो.

प्रश्न : साल्हेर किंवा कळसूबाईवर चढल्यावर वजन कमी होते का?

होते, पण घरातल्या वजनकाट्यावर दिसणारही नाही इतके थोडे. दर किलोमीटर उंचीला गुरुत्व त्वरण सुमारे ०.०३ टक्के घटते. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, साल्हेर १,५६७ मीटर आणि कळसूबाई १,६४६ मीटर. नाशिकहून साल्हेरच्या माथ्यावर गेल्यास ६० किलोच्या व्यक्तीच्या वजनात साधारण १८ ग्रॅमची घट निघते. प्रत्यक्षात ती याहूनही थोडी कमी असते, कारण पायाखाली आलेला डोंगराचा खडकही आपल्याला खाली ओढतो. चढताना अंगातून घामावाटे जाणारे पाणी याच्या कित्येक पट असते.

प्रश्न : पृथ्वीवर सर्वत्र गुरुत्व त्वरण ९.८ च असते का?

नाही. समुद्रसपाटीवर विषुववृत्तावर ते ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ असते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने विषुववृत्तावर ०.०३४ इतकी घट होते. शिवाय ती विषुववृत्ताशी फुगीर आहे. तेथील त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरांनी जास्त आहे. हा फुगवटासुद्धा मुळात त्या फिरण्यामुळेच आलेला आहे. २० अंश उत्तर अक्षांश आणि ६०० मीटर उंची धरून हिशेब केला तर नाशिकसाठी सुमारे ९.७८५ हा आकडा मिळतो.

हा फरक सर्वप्रथम लक्षात आला तो एका घड्याळामुळे. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यां रिशे दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ विषुववृत्ताजवळच्या त्या गावी दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक हळू झाला, कारण त्याला खाली ओढणारे बलच कमी झाले होते. न्यूटनने पुढे पृथ्वी चपटी असल्याचा पुरावा म्हणून हेच निरीक्षण वापरले.

प्रश्न : दिल्लीत तपासलेला इलेक्ट्रॉनिक काटा नाशिकला तसाच वापरला तर फरक पडेल का?

पडेल. दिल्लीत गुरुत्व त्वरण सुमारे ९.७९१ येते, म्हणजे नाशिकपेक्षा ०.०६ टक्क्यांनी जास्त. तेथे जुळवलेला काटा येथे एक क्विंटल कांद्यामागे साधारण ६० ग्रॅम कमी दाखवेल, म्हणजे वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे सव्वा किलोच्या आसपास. सराफ बाजारात १०० ग्रॅम सोन्यामागे हा फरक ६० मिलिग्रॅम होतो. म्हणून काटा जेथे वापरायचा तेथेच प्रमाणित वजने ठेवून तो जुळवून घेतात. पारड्यांच्या तराजूला ही अडचण कधीच येत नाही, आणि त्या साध्या साधनाविषयी मला यासाठी मनापासून आदर वाटतो.

प्रश्न : अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते ना?

असते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अंतर ६,३७१ वरून ६,७७१ किलोमीटर होते, आणि त्वरण ८.७ च्या आसपास उरते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकत्रच पृथ्वीकडे सतत पडत असतात. आडव्या वेगामुळे त्यांचे हे पडणे पृथ्वीला वळसा घालत राहते. तेथे वजनकाटाही त्यांच्याबरोबरच पडत असतो, म्हणून त्यावर शून्य दिसते.

प्रश्न : जमिनीच्या आत खोल गेल्यास वजन घटत जाते का?

पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी असती तर वजन केंद्रापर्यंत एकसारखे घटत गेले असते, आणि पुस्तकांतली उदाहरणे तसेच गृहीत धरतात. वास्तविक पृथ्वीचा गाभा फार जड आहे. त्यामुळे खाली जाताना सुरुवातीला वजन किंचित वाढते. सुमारे २,८९० किलोमीटर खोलीवर, जेथे खडकांचे आवरण संपून लोखंडी गाभा सुरू होतो, तेथे त्वरण १०.७ पर्यंत पोहोचते. तेथून पुढे मात्र ते घटत जाऊन केंद्रात शून्य होते.

प्रश्न : पृथ्वीचे किंवा मंगळाचे वस्तुमान मोजले कसे?

हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधील अतिसूक्ष्म आकर्षण मोजले आणि त्यावरून पृथ्वीची घनता पाण्याच्या सुमारे साडेपाच पट असल्याचे दाखवले. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत तो सह्याद्रीचा बेसाल्ट पाण्याच्या तिप्पटही भरत नाही. वरचा खडक इतका हलका आणि सरासरी साडेपाच, याचा अर्थ पृथ्वीच्या पोटात याहून कितीतरी जड काही असलेच पाहिजे.

इतर ग्रहांचे वस्तुमान त्यांच्याभोवती फिरणाऱ्या उपग्रहांवरून काढतात. उपग्रहाचे अंतर आणि फेरीचा काळ कळला की ग्रह त्याला किती ओढतो ते कळते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत गेलेले मंगळयान याच ओढीने तेथे बांधलेले होते.

प्रश्न : मंगळ आणि बुध यांच्यावर वजन सारखे, मग सुटून जाण्यासाठी लागणारा वेगही सारखा का नाही?

ग्रहापासून सुटून जाण्याचा हा वेग म्हणजे मुक्तिवेग, आणि तो वजनाहून वेगळ्या रीतीने ठरतो. त्याचा वर्ग वस्तुमान भागिले त्रिज्या यावर अवलंबून असतो. येथे त्रिज्येचा वर्ग येत नाही. मंगळाचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर, बुधाचा सव्वाचार. मोठ्या ग्रहाची ओढ वर जाताना हळूहळू कमी होते, म्हणून तिच्याशी लांबवर झगडावे लागते. शनीवर वजन पृथ्वीसारखेच, पण मुक्तिवेग पृथ्वीच्या ११.२ च्या तुलनेत सुमारे ३६ किलोमीटर. त्यामुळेच हायड्रोजनसारखा हलका वायू शनी धरून ठेवतो आणि पृथ्वी धरून ठेवू शकत नाही.

प्रश्न : गुरुत्व त्वरण घरी मोजता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा तरी मोजावे. गवंड्याचा ओळंबा किंवा दोऱ्याला बांधलेला नट घ्यावा. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर अंतर ठेवावे, थोडासाच झोका द्यावा आणि एकदा तिकडे जाऊन परत येणे हे एक आंदोलन धरून १०० आंदोलनांचा वेळ मोजावा. लांबीला ३९.५ ने गुणून एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गाने भागले की गुरुत्व त्वरण मिळते. नाशिकला १०० आंदोलनांना सुमारे २०१ सेकंद लागतात.

दोऱ्याची लांबी मोजण्यात एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तरात एक टक्क्याची चूक येते, त्यामुळे नाशिक आणि दिल्ली यांतला फरक या पद्धतीने सापडणार नाही. ग्रहांमधला फरक मात्र सहज सापडेल. तोच दोरा आणि तोच नट घेऊन मंगळावर १०० आंदोलनांना सुमारे ३२६ सेकंद लागतील, आणि चंद्रावर ४९४.